झोन किती मिलिमीटर आला? रूट कॅनॉलच्या साहित्याची जिवाणूरोधक चाचणी समजून घेताना



एम.एस्सी. संपवून पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांकडून एक विषय हमखास ऐकायला मिळतो: "दातांच्या उपचारात वापरतात त्या साहित्याची जिवाणूरोधक क्षमता तपासायची आहे." विषय चांगला आहे. जिवाणू वाढवायला सोपा, साहित्य बाजारात मिळणारं, आणि कामाचा उपयोग काय हे घरच्यांनाही एका वाक्यात सांगता येतं. पण यातले बरेच सिनॉप्सिस एकाच प्रयोगावर उभे असतात. अगारच्या प्लेटवर साहित्य ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पट्टीने वर्तुळ मोजायचं, आणि ज्याचा झोन मोठा ते साहित्य सरस, असा निष्कर्ष लिहायचा.

या लेखात आपण पाहणार आहोत की तो झोन नेमकं काय मोजतो, काय मोजत नाही, आणि त्याऐवजी किंवा त्याच्यापुढे कोणत्या चाचण्या कराव्या लागतात. विषय निवडण्याआधी हे कळलं तर फेलोशिपची दोन वर्षं वाचू शकतात. आणि दुसरं म्हणजे, आपल्या निष्कर्षाच्या भरवशावर उद्या कुणीतरी एखाद्याच्या दातात काहीतरी भरणार आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

आधी दातात काय चालतं ते बघू

दाताच्या आत पल्प, म्हणजे दंतमज्जा असते. कीड खोल गेली की जिवाणू तिथे पोहोचतात, पल्प मरतो आणि मुळाच्या टोकाशी हाडात सूज किंवा गळू तयार होतं. यात जिवाणूंचा वाटा किती, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवर दाखवलं. त्यांनी दोन गटांतल्या उंदरांच्या दाढांना भोक पाडून पल्प उघडा केला. एक गट नेहमीचा, दुसरा जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेला. नेहमीच्या उंदरांचा पल्प सडला, गळवं झाली. निर्जंतुक उंदरांमध्ये उघड्या पल्पवर चक्क डेंटिनचा नवा थर तयार झाला. जखम दोन्हीकडे सारखीच होती, फरक फक्त जिवाणूंचा होता.

म्हणजे रूट कॅनॉल उपचार हा मुळात जिवाणूंची संख्या कमी करण्याचा उपचार आहे. संख्या किती कमी झाली याला किंमत आहे का? आहे. शॉग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एकमुळी ५५ दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरण्याच्या वेळी कॅनॉलमधून घेतलेल्या नमुन्यात जिवाणू न वाढलेले दात ९४ टक्के बरे झाले, जिवाणू वाढलेले ६८ टक्के. हे दात पाच वर्षांपर्यंत तपासले होते. सफाई करूनही ५५ पैकी २२ दातांत जिवाणू सापडलेच होते, हा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. आपलं संशोधन त्या २२ दातांसाठी आहे.

सफाईनंतरही ते उरतात कुठे? एक, कॅनॉलची नळी आपण चित्रात काढतो तशी सरळ गोल नसते. मायक्रो-सीटीवर पाहिलं तर साधारण ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भिंतीला उपकरण लागतच नाही, असं पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं. दोन, डेंटिनमध्ये असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांचा व्यास साधारण १ ते ३ मायक्रोमीटर. जिवाणू त्यात सहज शिरतो, हत्यार शिरू शकत नाही. तीन, हे जिवाणू सुटे पोहत नसतात. भिंतीला चिकटून, स्वतःच्या चिकट आवरणात बायोफिल्म करून राहतात.

"साहित्य" म्हणजे नेमकं कोणतं?

सिनॉप्सिसमध्ये "रूट कॅनॉलमधील साहित्य" असं मोघम लिहू नका. यात निदान तीन प्रकार आहेत आणि तिघांची काम करण्याची पद्धत वेगळी आहे.

पहिला प्रकार धुण्याच्या द्रावणांचा. सोडियम हायपोक्लोराइट हे यातलं मुख्य. ०.५ ते ६ टक्क्यांपर्यंत वापरतात. ते जिवाणू मारतं आणि मेलेली ऊतीही विरघळवतं. २ टक्के क्लोरहेक्सिडिन ऊती विरघळवत नाही, पण डेंटिनला चिकटून राहतं आणि काही काळ परिणाम देत राहतं. १७ टक्के ईडीटीए प्रामुख्याने उपकरणांमुळे भिंतीवर बसलेला चिखलासारखा थर काढायला असतं. या द्रावणांना मिळणारा वेळ मिनिटांत मोजायचा असतो.

दुसरा प्रकार, दोन भेटींच्या मध्ये कॅनॉलमध्ये ठेवायच्या औषधांचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट १९२० पासून दंतवैद्यकात आहे. तिचा पीएच साधारण १२.५. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन यांची तिहेरी पेस्टही वापरतात, पण मिनोसायक्लिनमुळे दात काळवंडतो. इथे वेळ दिवसांत किंवा आठवड्यांत मोजतात.

तिसरा प्रकार कायमच्या भरणाचा. गटापर्चाच्या काड्या आणि त्यांच्या भोवती सीलर. गटापर्चाच्या काडीत गटापर्चा थोडा आणि झिंक ऑक्साइड जास्त असतं. सीलर झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा असतो (युजेनॉल म्हणजे आपल्या लवंगेच्या तेलातला मुख्य घटक), इपॉक्सी रेझिनचा असतो, नाहीतर हल्लीचा कॅल्शियम सिलिकेटचा, ज्याला सगळे बायोसिरॅमिक म्हणतात. सीलर आधी ओला असतो, मग घट्ट होतो, आणि नंतर वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

मिनिटं, आठवडे आणि वर्षं. या तिघांना एकाच प्लेटवर शेजारी शेजारी ठेवून चोवीस तासांनी वर्तुळं मोजणं म्हणजे धावणारा, पोहणारा आणि कुस्ती खेळणारा यांची उंची मोजून पदक देण्यासारखं आहे.

झोन काय मोजतो?

अगार डिफ्यूजनची पद्धत तुम्ही बी.एस्सी.पासून करत आला आहात. प्लेटवर जिवाणूंचा थर पसरायचा, मध्ये भोक पाडून साहित्य भरायचं. साहित्यातले रेणू अगारमध्ये पसरत जातात. जिथपर्यंत त्यांची मात्रा पुरेशी आहे तिथपर्यंत जिवाणू वाढत नाहीत. हा प्रयोग प्रतिजैविकांसाठी उत्तम चालतो, कारण तिथे डिस्कवरचं प्रमाण ठरलेलं असतं, माध्यम ठरलेलं असतं, आणि कोणत्या प्रतिजैविकाच्या किती मिलिमीटरचा अर्थ काय याचे तक्ते तयार असतात. तरीही तिथे आपण दोन वेगळ्या प्रतिजैविकांचे झोन थेट एकमेकांशी ताडून पाहत नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या तक्त्यात पाहतो.

दंतसाहित्यासाठी असे तक्ते नाहीत. झोनचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: रेणू किती मारक आहे आणि तो अगारमध्ये किती पसरतो. दोन्हींचा परिणाम एकाच आकड्यात मिसळलेला असतो. तो वेगळा काढता येत नाही.

तीन उदाहरणं घ्या.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही. त्याची मारक शक्ती हायड्रॉक्सिल आयनांत आहे. हे आयन अगारमध्ये पसरताना माध्यमातल्या बफरशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून संपत जातात. झोन छोटा येतो किंवा येतच नाही. यावरून "कॅल्शियम हायड्रॉक्साइड निरुपयोगी" असं लिहिलं तर ते चूक.

सोडियम हायपोक्लोराइट समोर येणाऱ्या कोणत्याही सेंद्रिय पदार्थाशी अभिक्रिया करतं. न्यूट्रिएंट अगारमधली पेप्टोनं त्याच्यासाठी सेंद्रिय पदार्थच आहेत. जिवाणूंपर्यंत पोहोचण्याआधी बराचसा क्लोरीन माध्यमातच खर्च होतो.

आता या शेजारी कडुनिंबाचा किंवा त्रिफळ्याचा अर्क ठेवा. त्यातले लहान, विरघळणारे रेणू अगारमध्ये मजेत पसरतात. वर अर्क जर इथेनॉलमध्ये किंवा डीएमएसओमध्ये काढला असेल आणि नुसत्या द्रावकाचा कंट्रोल ठेवला नसेल, तर झोन अर्काचा की द्रावकाचा हेही कळत नाही. "वनस्पतीचा अर्क हायपोक्लोराइटपेक्षा प्रभावी" असं शीर्षक कुठे वाचलंत तर आधी पद्धतीचा भाग उघडा आणि चाचणी कोणती होती ते बघा. मी वनौषधींच्या विरोधात नाही. त्यांची बाजू मांडायची असेल तर ती टिकेल अशा चाचणीवर मांडावी, एवढंच माझं म्हणणं.

मग अगार डिफ्यूजन फेकून द्यायचं का? प्राथमिक चाळणीसाठी, म्हणजे वीस अर्कांतून चार निवडायला, ते ठीक आहे. एकाच साहित्याच्या वेगवेगळ्या मात्रांची तुलना करायलाही चालेल. वेगवेगळ्या जातीच्या साहित्यांची क्रमवारी लावायला मात्र ते वापरू नका.

थेट संपर्क चाचणी

पसरण्याचा प्रश्न टाळायचा सरळ मार्ग म्हणजे जिवाणू साहित्याच्या अंगावरच ठेवायचे. वाइस आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली रूट कॅनॉल सीलरसाठी ही थेट संपर्क चाचणी मांडली. ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलच्या भिंतीला साहित्याचा थर लावायचा, त्यावर मोजून जिवाणूंचा थेंब ठेवायचा, ठरावीक वेळ संपर्क होऊ द्यायचा, मग द्रवमाध्यम घालून वाढ प्लेट रीडरवर बघायची. त्यातला थोडा भाग नव्या वेलमध्येही नेतात. जुन्या वेलमध्ये वाढ थांबली आणि नव्यात जोमाने सुरू झाली, तर जिवाणू मेले नव्हते, नुसते दबले होते, हे कळतं. मारणं आणि वाढ रोखणं यातला फरक झोनवरून कधीच कळत नाही.

याच पद्धतीने साहित्याचं वयही तपासता येतं. झांग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सुधारित थेट संपर्क चाचणीने काही सीलर ताडून पाहिले. इपॉक्सी रेझिनचा सीलर ताजा असताना एंटेरोकॉकस फीकॅलिस या जिवाणूला काही मिनिटांत मारत होता. घट्ट झाल्यावर काही दिवसांनी त्याचा परिणाम जवळजवळ उरला नाही. कॅल्शियम सिलिकेटचा सीलर मात्र तेवढ्या दिवसांनीही प्रभावी होता. म्हणून "सीलर जिवाणूरोधक आहे" हे वाक्य अपुरं आहे. कालवल्यापासून किती वेळाने, हे सांगायलाच हवं.

इथे एक तांत्रिक सावधगिरी. संपर्काची वेळ संपल्यावर नमुना प्लेटवर पसरताना त्यासोबत थोडं साहित्यही जातं आणि प्लेटवरही मारत राहतं. म्हणजे तुम्ही पाच मिनिटांचा परिणाम म्हणून जे मोजता तो खरं तर चोवीस तासांचा असतो. हे टाळायला निष्प्रभ करणारं रसायन वापरतात: हायपोक्लोराइटसाठी सोडियम थायोसल्फेट, क्लोरहेक्सिडिनसाठी लेसिथिन आणि ट्वीन ८०. आणि ते रसायन स्वतः जिवाणूंना मारत नाही, हे दाखवणारा वेगळा कंट्रोल ठेवावा लागतो. व्हायव्हामध्ये हा प्रश्न येऊ शकतो.

डेंटिन आलं की गणित बदलतं

प्लास्टिकच्या वेलमध्ये चाललेलं साहित्य दातात चालेलच असं नाही. हापासालो आणि ऑर्स्टाविक यांनी १९८७ साली बैलाच्या दातांच्या मुळाचे छोटे दंडगोल कापून त्यांच्या नलिकांमध्ये एंटेरोकॉकस फीकॅलिस वाढवला. मग मधल्या पोकळीत औषध ठेवून भिंतीचा एकेक थर खरवडून तपासला. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट वरच्या थरातलेसुद्धा जिवाणू संपवू शकली नाही.

पीएच १२.५ असून असं का? डेंटिन स्वतः बफर आहे. त्यातलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हायड्रॉक्सिल आयनांना अडवतं आणि आत जाता जाता पीएच उतरत जातो. एंटेरोकॉकस फीकॅलिसकडे पेशीत प्रोटॉन ओढून घेणारा पंप आहे. इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की हा जिवाणू ११.१ पीएचला तग धरतो, ११.५ ला मात्र नाही. एवढ्या थोड्या फरकावर निकाल उलटतो, आणि तेवढा पीएच उतरवायला डेंटिन पुरेसं आहे.

२००० साली हापासालो यांच्याच गटाने हे आणखी सोप्या प्रयोगात दाखवलं. परीक्षानळीत औषध, जिवाणू आणि सोबत डेंटिनची बारीक पूड. पूड घातल्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या संपृक्त द्रावणाचा परिणाम पूर्ण गेला. १ टक्का हायपोक्लोराइट आणि ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडिन यांचा कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. हा प्रयोग तुमच्या विभागात सहज होऊ शकतो. महागडं यंत्र लागत नाही. लागतात काढलेले दात. त्यासाठी दंत महाविद्यालयाशी बोलणी करावी लागते आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. हे कागद हलायला महिने जातात, म्हणून ते पहिल्या सत्रातच सुरू करा.

जिवाणू कोणता आणि कोणत्या अवस्थेत?

एंटेरोकॉकस फीकॅलिस सगळेच वापरतात, कारण तो चिवट आहे, उपाशी राहतो, नलिकांत शिरतो आणि उपचार फसलेल्या दातांत अनेकदा सापडला आहे. पण डीएनएवर आधारित पद्धती आल्यापासून स्पष्ट झालं की एका कॅनॉलमध्ये अनेक जाती एकत्र नांदतात, त्यातल्या बऱ्याच ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या असतात, आणि फसलेल्या कित्येक दातांत हा जिवाणू मिळतही नाही. त्यामुळे एकट्या एंटेरोकॉकसवरचा निकाल "रूट कॅनॉलच्या संसर्गावर प्रभावी" अशा शब्दांत लिहू नका. शक्य असेल तर निदान एक अनॉक्सी जात सोबत घ्या. अनॉक्सी पेटी तुमच्या विभागात नसेल तर मर्यादा म्हणून तसं लिहा.

अवस्थाही तितकीच महत्त्वाची. ०.५ मॅकफार्लंडचं द्रावण म्हणजे मिलिलीटरमागे साधारण १५ कोटी जिवाणू. पण हे सुटे, खाऊनपिऊन सुखात असलेले जिवाणू असतात. तीन आठवडे डेंटिनवर वाढलेली बायोफिल्म त्यांच्यापेक्षा आणि कोवळ्या बायोफिल्मपेक्षाही पुष्कळ चिवट असते. बायोफिल्म किती दिवसांची होती, हा आकडा कोणताही पेपर वाचताना शोधा.

आणि मोजायचं कसं? टक्केवारीने फसू नका. १ कोटी जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले म्हणजे १० हजार जिवंत आहेत. म्हणूनच निकाल लॉगमध्ये देतात: ९९.९ टक्के म्हणजे ३ लॉगची घट. शिवाय प्लेटवर कॉलनी न येणं म्हणजे सगळे मेले असंही नाही. काही पेशी जिवंत असून वाढत नाहीत. त्यासाठी जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दाखवणारा रंग देऊन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ते यंत्र जवळच्या संस्थेत तासाच्या दराने मिळतं का, हे विषय ठरवण्याआधी विचारून ठेवा.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

गाईडकडे जाण्यापूर्वी पुढच्या प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून काढा.

१. माझं साहित्य कोणत्या प्रकारातलं, आणि उपचारात त्याला खरोखर किती वेळ मिळतो? प्रयोगातली वेळ त्याच्याशी जुळते का?

२. पहिली चाचणी थेट संपर्काची आहे का? दुसऱ्या टप्प्यात डेंटिन आहे का?

३. द्रावकाचा, निष्प्रभ करणाऱ्या रसायनाचा आणि औषधाविना जिवाणूंचा, असे तिन्ही कंट्रोल आहेत का?

४. पुनरावृत्ती कोणती? एकाच कल्चरमधून भरलेले सहा वेल म्हणजे सहा प्रयोग होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी वेगळं कल्चर घेऊन केलेले निदान तीन प्रयोग हवेत.

५. पेशींना होणारी इजा मी तपासणार आहे का? जिवाणू मारणारं रसायन मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर माणसाच्या पेशीही मारू शकतं. हायपोक्लोराइट बाहेर गेल्यावर रुग्णाला किती वेदना आणि सूज येते, हे कोणताही दंतवैद्य सांगेल. जिवाणूंवर जोरदार आणि पेशींवर सौम्य, हे दोन्ही दाखवलं तरच साहित्य पुढे जातं.

६. दोन साहित्यं एकापाठोपाठ वापरली तर काय होतं? हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडिन एकत्र आले की नारिंगी-तपकिरी साका तयार होतो आणि तो नलिकांची तोंडं बुजवू शकतो. दोघंही एकेकटे चांगले, एकत्र नकोत.

यातली सगळी उत्तरं "हो" असायला पाहिजेत असं नाही. एका प्रबंधात सगळं मावत नाही. पण ज्याचं उत्तर "नाही" असेल, तेवढा भाग निष्कर्षातून वगळता आला पाहिजे. अगार डिफ्यूजन केलं असेल तर "या साहित्यातला घटक अगारमध्ये पसरून या जिवाणूची वाढ रोखतो" एवढंच लिहा. थेट संपर्क चाचणी केली असेल तर "कालवल्यापासून इतक्या वेळाने, इतक्या मिनिटांच्या संपर्कात, इतक्या लॉगची घट" असं लिहा. डेंटिनवर केलं असेल तर नलिकेत किती खोलवर, ते लिहा. रुग्णाबद्दल वाक्य लिहायचं असेल तर रुग्णांवर अभ्यास केलेला हवा.

सरावासाठी एक काम करा. या विषयावरचे कोणतेही पाच पेपर घ्या. निष्कर्ष झाकून फक्त पद्धतीचा भाग वाचा आणि त्यावरून काय म्हणता येईल ते एका वाक्यात लिहा. मग लेखकाचा निष्कर्ष उघडा. दोन्हींत जिथे अंतर दिसेल, तिथे पुढचा प्रयोग करायला जागा आहे. तुमचा विषय तिथेच शोधा.